दोनशेच्या आतलं गारीगार

ओट्यावर होतं ते असं : दोन नारळ, एक फोडलेला आणि एक शेंडीसकट, कोको पावडरचा शंभर ग्रॅमचा डबा, त्यातली अठरा ग्रॅम संपलेली, बिनबियांच्या खजुराचं अर्ध्या किलोचं पाकीट, अजून न उघडलेलं, स्टेव्हियाच्या थेंबांची एक बाटली, वाटीत चिमूटभर मीठ, आणि अंबडच्या बाजारातून आणलेले गारीगारचे नऊ साचे, त्यातला एक तळाशी चिरलेला, म्हणजे कामाचे आठ. फ्रीजरच्या कप्प्यात लॅबमधून आणलेला थर्मामीटर आडवा ठेवला होता. तो उणे चौदा दाखवत होता. वार बुधवार. यशश्री शनिवारी सकाळी येणार होती आणि मंगळवारी संध्याकाळी परत जाणार होती, म्हणजे चार दुपारी आणि तीन रात्री.

शैलानं हे सगळं एका पाठकोऱ्या कागदावर उतरवलं. अकरा वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढल्यावर माणसाला काहीही सुरू करण्याआधी यादी करायची सवय लागते. शिवाय क्वार्टरमध्ये बोलायला कुणी नव्हतं. गाळप संपून अठरा दिवस झाले होते. भोंगा बंद, चिमणी थंड. ऊसतोडीची माणसं गावाकडं गेली होती आणि त्यांच्या कोप्यांच्या जागी मैदानभर चुलींचे काळे चौकोन तेवढे राहिले होते. कॉलनीतली निम्मी दारं कुलूपबंद. दुपारी नळाचा थेंब पडला तरी तो कुणाच्या घरातला हे सांगता यायचं.

यशश्री तिची मुलगी, नऊ वर्षांची. दुसरीपर्यंत ती इथंच कॉलनीच्या शाळेत होती. मग चांगल्या शाळेसाठी जालन्याला गेली, वडिलांकडं. गजानन तिथं एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात होता आणि त्याची आई, प्रभावतीबाई, घरी होती. शनिवार-रविवार पोरगी आईकडं यायची. मग गेल्या ऑगस्टमध्ये ती तांब्या-तांब्यानं पाणी प्यायला लागली, पंधरा दिवसांत तीन किलोनं उतरली आणि एका पहाटे उठवून उठेना. दवाखान्यात रक्तातल्या साखरेचा आकडा निघाला पाचशे बारा. स्वादुपिंडानं इन्शुलीन करणं सोडून दिलं होतं. आता जन्मभर सुया.

दवाखान्यातल्या नऊ दिवसांत शैला तिच्या उशाशी होती. पण नोव्हेंबरात बॉयलर पेटला आणि तीन पाळ्या सुरू झाल्या. दवाखान्यानंतर पोरगी इथं, अंकुशनगरच्या कॉलनीत, आलीच नाही. साप्ताहिक सुट्टीला शैला जालन्याला जायची, तेव्हा बघायची की आज कोणत्या बोटाची पाळी आहे हे प्रभावतीबाईंना तोंडपाठ आहे, सुई मांडीत कुठं टोचायची ते गजाननच्या हाताला माहीत आहे, आणि आपण मात्र दाराशी चप्पल काढून पाहुण्यासारख्या बसलो आहोत.

एप्रिल लागल्यावर तिनं गजाननला फोन केला होता. "आता ऑफ सीझन आहे. जनरल ड्युटी, पाचला मी घरात असते. सुट्टीत पाठवा तिला."

मागून प्रभावतीबाईंचा आवाज आला होता, "तिथं कोण बघणारंय? ही लॅबमधी, पोरगी एकली क्वार्टरमधी."

शेवटी गजानन म्हणाला, "आधी तीन दिवस ठिवून बघू. तू रजा टाक. आकडे दोनशेच्या आत राह्यले तर मे महिनाभर तुझ्याकडं. न्हाई राह्यले तर मंग सुट्टी इथंच. माझ्यावर राग धरू नको शैला."

तिनं राग धरला नाही. अट सरळ होती आणि आकड्यात होती.

मग फोन यशश्रीनं ओढून घेतला होता. "आई, तो गारीगारवाला अजून येतो का? साडेतीनला? मला चॉकलेटचं गारीगार पाहिजे. कुडुम वाजणारं. पण त्याच्यात दूध असतं ना, मला गांधी उठतात. आणि साखर पण असती. म्हणजे नकोच जाऊ दे." आणि लगेच, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, "तू केमिस्ट आहे ना, तू करून बघ की."

म्हणून ही यादी.

पहिला घाणा तिनं खजुराशिवाय लावला. नारळाचं घट्ट दूध, कोको, मीठ, स्टेव्हियाचे दहा थेंब. सकाळी साच्यातून जे निघालं ते दगड होतं. वर नारळाच्या तुपाचा पांढरा थर, खाली तपकिरी बर्फ. चावलं तर दात कळवळला. गोडी जिभेवर मागून यायची आणि जाताना कडू होऊन जायची. यात नवल नव्हतं. साखर नुसती गोडीसाठी नसते. ती पाण्याला पुरतं गोठू देत नाही, आणि म्हणूनच गारीगार दातानं तुटतं. साखर काढली की पाणी उरतं, आणि पाण्याचा दगड होतो.

दुसऱ्या घाण्यात तिनं खजूर घातला. वीस नग, एकशे साठ ग्रॅम, कोमट पाण्यात भिजवून, वाटून, गाळून. हे गारीगार मऊ झालं, एकजीव झालं, आणि चावल्यावर खरोखर कुडुम वाजलं. चव इतकी चांगली होती की शैलाला भीती वाटली.

पाकिटाच्या मागं बारीक अक्षरांत छापलेलं होतं : शंभर ग्रॅममध्ये साखर पासष्ट ग्रॅम. तिनं ते वाचलं. दवाखान्यातल्या ताईंनी दिलेल्या तक्त्यात खजूर 'टाळा' या रकान्यात होता, तेही तिला माहीत होतं. पण ओळखीपाळखीत जो तो सांगायचा की खजुराची साखर वेगळी असते, अपाय करत नाही. ऐकीव गोष्टीवर ती विश्वास ठेवणारी नव्हती. छापील गोष्टीवरही ठेवायचा नाही, असं तिनं ठरवलं. तिच्याकडं यंत्र होतं.

साखर कारखान्याची लॅब म्हणजे मुख्यतः एक काम. रसाचा नमुना घ्यायचा, त्यात लेडची पूड टाकून तो निवळायचा, गाळायचा, काचेच्या लांब नळीत भरायचा आणि पोलरीमीटरमध्ये ठेवायचा. उसाची साखर प्रकाशाला उजवीकडं वळवते. जितकं वळण, तितकी साखर. त्या आकड्याला पोल म्हणतात. उसाची किंमत, पाळीचा हिशेब, मॅनेजरचा चेहरा, सगळं पोलवर. पोल सोडून रसात जे काही असतं ते कारखान्याच्या दृष्टीनं टाकाऊ, ते मळीतून बाहेर जातं. दिवसाला चाळीस नमुने, सीझनचे पाच महिने, अकरा वर्षं. शैलाला झोपेतही साखर म्हटलं की पोल दिसायचा.

शुक्रवारी दुपारी ती डबा घेऊन लॅबमध्ये गेली. तिथं दैवशालाबाई एकट्याच फ्लास्क धुवून उन्हात पालथे घालत होत्या. त्या लॅब अटेंडंट होत्या, पन्नाशीच्या, आणि मुख्य केमिस्टपासून वॉचमनपर्यंत कुणाची भीड न ठेवणाऱ्या.

"काय आणलं मॅडम डब्यात? आमाला बी द्या की."

"नमुना आहे. पोल काढायचाय."

"ऑफ सीझनला कशाचा पोल?" दैवशालाबाईंनी झाकण उघडलं, वास घेतला आणि बोट बुडवून चाटलं. "आगं माय! पोरीसाठी का?"

"हो. गाळून द्या."

सव्वीस ग्रॅम मिश्रण, शंभर मिलिलिटर पाणी, लेड. कोकोचा रंग खाली बसला आणि फिल्टरमधून जवळजवळ स्वच्छ पाणी ठिबकू लागलं. शैलानं आधी नळीत साधं पाणी भरून यंत्राचा शून्य बघितला. बरोबर होता. मग नमुना ठेवला.

आकडा आला : उणे एक पूर्णांक चार.

तिनं नळी काढली, धुतली, पुन्हा पाण्याचा शून्य बघितला, पुन्हा नमुना भरला. उणे एक पूर्णांक चार.

सीझनमध्ये खोली तापली की यंत्र कधीकधी शून्याखाली पाव-अर्धा घसरायचं. एक पूर्णांक चार कधी घसरलं नव्हतं. आज एसी बंद होता, बाहेर एक्केचाळीस होतं. तापलं असेल. शैलानं पेन उचललं आणि कागदावर लिहिलं : पोल, शून्य.

"काय निघालं?"

"शून्य."

"असं कसं शून्य? मी आता चाटलं, काकवीवानी लागून राह्यलंय."

"गोड लागलं म्हणजे साखर असतेच असं नाही दैवशालाबाई. स्टेव्हिया आहे त्यात."

"आसंल. तुमचं मशीन लई शिकलेलं हाय. माझी जीभ चौथी पास." आणि त्या पुन्हा फ्लास्ककडं वळल्या.

घरी येऊन शैलानं आणखी एक तपासणी केली. अंबडच्या मेडिकलमधून तिनं स्वतःसाठी साखर मोजायचं यंत्र आणलं होतं, हात सराईत व्हावा म्हणून. एक गारीगार खाल्लं. आधी चौऱ्याण्णव, दोन तासांनी एकशे नऊ. ज्याचं स्वादुपिंड धड आहे त्याच्या रक्तात असं काही दिसत नाही, हे तिला कळायला हवं होतं. कळतही होतं. पण तोवर तिच्या डोळ्यांपुढं मे महिना उभा होता : एकतीस दिवस, मागच्या दारी खेळायला दोन बादल्या पाणी, आणि घरात कुणीतरी बडबड करणारं. तिनं दुसरा आकडाही पहिल्याखाली लिहून ठेवला आणि रिकाम्या साच्यात राहिलेलं मिश्रण ओतलं. आठ साचे पुन्हा भरले.

शनिवारी नऊ वाजता मोटारसायकल दारात थांबली. यशश्री उतरायच्या आधीच बोलायला लागली होती. "आई, दार हिरवं केलं? मला का न्हाई सांगितलं? बाबा, बघा, मी म्हणलं होतं ना मोगरा जगंल." तिच्या खांद्याला निळी पिशवी होती आणि ती पिशवी ती एखाद्या नर्ससारखी सरळ धरून चालत होती.

गजाननानं पाणी पिऊन पिशवी टेबलावर मोकळी केली. यंत्र, पट्ट्यांची डबी, सुयांची पेनं, बर्फाची पाकिटं, वही. वहीत रकाने आखलेले : वेळ, आकडा, काय खाल्लं, त्यात कार्ब किती, इन्शुलीन किती.

"आधी हात धुवायचे. साबणानं. फळाचा हात असला तर आकडा चुकतो."

"माहितीय."

"खाण्याआधी बघायचं, दोन तासांनी बघायचं. कार्ब बघून सुई. काय बी वाटलं तर मला फोन."

"बाबा, आईला येतं," यशश्री म्हणाली. "आई केमिस्ट आहे."

"उसाची हाय," गजानन म्हणाला. चेष्टेनंच म्हणाला आणि स्वतःच हसला. शैलाही हसली. जाताना त्यानं वहीवर दोन बोटं आपटली. "दोनशेच्या आत."

शनिवारचे आकडे होते एकशे बेचाळीस, एकशे अडुसष्ट, एकशे एकोणीस, एकशे पंचावन्न. शैलानं प्रत्येक भाकरी तोलली, प्रत्येक वाटी मोजली. सुई टोचताना पहिल्यांदा ती फार सावकाश गेली आणि यशश्रीनंच तिचं मनगट धरलं. "हळू न्हाई आई, जल्दी. हळू केलं की दुखतं." संध्याकाळी दोघी रिकाम्या वजनकाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. वॉचमननं काट्याचा आकडा वाचून दाखवला, पण तो काटा ट्रकांचा, त्यात दोघी मिळून ऐंशी किलो निघाल्या. यशश्री म्हणाली, आपल्या दोघींचा एक ट्रक. अंथरुणावर पडल्यावर ती शाळेतल्या एका पोरीविषयी सांगत होती, जी म्हणते की सुया घेणाऱ्याशेजारी बसलं की आपल्यालाही होतं. सांगता सांगता झोपली. शैला जागी राहून तिचे श्वास मोजत होती. गेल्या आठ महिन्यांत या खोलीत दुसऱ्या माणसाचा श्वास वाजला नव्हता.

रविवारी दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी आकडा होता एकशे सव्वीस. शैलानं फ्रीजर उघडला, साचा नळाखाली दोन सेकंद धरला आणि काडी ओढली.

यशश्रीनं ते हातात घेतलं पण तोंडाला लावलं नाही. "हे खरंच मला? सगळं?"

"सगळं."

"दूध?"

"नारळाचं."

"साखर?"

"मशीनवर बघितलंय. शून्य."

पोरीनं टोकाचा तुकडा तोडला आणि डोळे मिटून आवाज ऐकला. मग ती काही बोललीच नाही, आणि यशश्रीनं न बोलणं ही मोठी गोष्ट होती. काडी दोन्ही बाजूंनी चाटून झाल्यावर म्हणाली, "अजून एक मिळंल का?" मिळालं. दुसरं संपल्यावर तिनं हात धुतले, वही काढली आणि पेन आईपुढं धरलं. "कार्ब किती लिहायचं?"

शैलानं लिहिलं : शून्य. म्हणजे सुईही शून्य.

साडेपाचला यशश्री पत्ते मांडता मांडता उठून पाणी प्यायली. पावणेसहाला पुन्हा. सहाला तिसरा पेला भरताना शैलानं तिच्याकडं पाहिलं आणि हातातले पत्ते खाली ठेवले. "हात धू. बघू आपण."

पट्टीनं रक्ताचा थेंब ओढून घेतला. पाच सेकंद. दोनशे सत्त्याऐंशी.

शैलानं पोरीचे हात पुन्हा धुतले, पुसले, दुसऱ्या बोटाला टोचलं. दोनशे चौऱ्याऐंशी.

"आई," यशश्री हळूच म्हणाली, "दोनच्या जागी एक लिही ना. एकशे सत्त्याऐंशी. बाबा मशीन न्हाई बघत, वहीच बघतात."

"असं नाही करायचं."

"मी कुणाला न्हाई सांगणार. मला इथं राहायचंय ना मे महिना." तिचे ओठ कोरडे पडले होते आणि डोळे भरले होते. "एकच तर अक्षर आहे."

शैलाच्या हातात पेन होतं. वर पंखा फिरत होता. आणि तेव्हा तिला उणे एक पूर्णांक चार दिसलं, यंत्राच्या खिडकीत दिसलं होतं तसंच, दोनदा.

फेब्रुवारीत एक ट्रॅक्टर बंद पडून ऊस तीन दिवस उन्हात राहिला होता. असा शिळा ऊस आला की पोल पडतो. दरवर्षी नव्या ट्रेनी पोरांना हे तीच समजावून सांगायची. उसाची साखर उन्हानं फुटते आणि तिच्या दोन साखरा होतात. त्यातली एक प्रकाशाला उजवीकडं वळवते, दुसरी त्याहून जास्त डावीकडं. बेरीज शून्याच्या खाली जाते. साखर कुठं गेलेली नसते, फक्त आपल्या यंत्राला दिसेनाशी होते. कारखान्याच्या ती कामाची नसते, कारण तिचे दाणे पडत नाहीत. पण रक्ताला दाणे लागत नाहीत. खजुरात हीच फुटलेली साखर असते, जवळजवळ सगळी. डावीकडं ओढणारी खजुराची, उजवीकडं ओढणारी थोडी नारळाची, आणि मध्ये उरलेलं उणे एक पूर्णांक चार. यंत्र तापलं नव्हतं. यंत्रानं जे होतं ते सांगितलं होतं.

तिनं वहीत लिहिलं : सहा वाजून सात मिनिटं, २८७. वरच्या ओळीतला शून्य एका रेघेनं खोडला आणि शेजारी लिहिलं, २८ ग्रॅम. मग फोन लावला.

"खजूर घातला होता मी," ती म्हणाली. "दोन गारीगारांत मिळून अठ्ठावीस ग्रॅम साखर गेली. सुई दिली नाही. आता दोनशे सत्त्याऐंशी आहे."

मागून आवाज आला, "काय खाऊ घातलं तिनं?" गजाननानं तिकडं लक्ष दिलं नाही. "उलटी? पोटात दुखतं का?"

"नाही. तहान आहे फक्त."

"वही काढ. शेवटचं पान. डॉक्टरनं लिहून दिलेला तक्ता हाय, त्या आकड्यासमोरचा डोस वाच." तिनं वाचला. "बराबर. तेवढाच दे. पाणी पाज. दोन तासांनी बघ आणि मला कळव." मग, "मी सकाळी येतो."

"मंगळवार म्हणाला होतात."

"सकाळी येतो शैला."

आठला दोनशे आठ होतं, झोपताना एकशे एकसष्ट. दोन्ही तिनं कळवले. दोन्हींना उत्तर आलं, "ठीक."

सोमवारी गजानन चिडलेला नव्हता. चिडला असता तर शैलाला बरं वाटलं असतं. त्यानं वही उभ्या उभ्याच वाचली. खोडलेल्या शून्यावर त्याचं बोट थांबलं.

"आधी मशीनवर बघितलं न्हाई का?"

"बघितलं. उणे एक पूर्णांक चार आलं. मी शून्य लिहिलं."

"का?"

शैलानं यशश्रीकडं पाहिलं. त्यालाही ते उत्तर कळल्यासारखं झालं, कारण त्यानं पुन्हा विचारलं नाही. "आईला मी सांगतो," तो म्हणाला. "मे महिन्याचं बघू. आता काही बोलत न्हाई."

यशश्री मागं बसली आणि निळी पिशवी दोघांच्या मध्ये धरली. "आई, सहा उरलेत फ्रीजमधी," ती म्हणाली. गाडी वळली. वजनकाट्यापर्यंत तिची वेणी दिसत होती.

उरलेले सहा शैलानं दैवशालाबाईंना नेऊन दिले आणि काय झालं ते सांगितलं. दैवशालाबाईंनी एक काडी हातात धरली आणि शैलाकडं बघितलं. सबंध खाऊन झाल्यावर फक्त एवढंच म्हणाल्या, "फुटकी साखर धरणारं ते फेलिंगचं औषध कपाटात वरच्या फळीवर हाय. काढून ठिवू का?"

रजेचे दोन दिवस उरले होते. ते तिनं लॅबमध्ये घालवले. दोन दिवस दुपारी तिथं तीच एकटी असायची. पाच वाजता घरी जायचं, वाटायचं, ढवळायचं, गोठवायचं, सकाळी डबा घेऊन परत लॅबमध्ये. रजा संपल्यावर ड्युटीनंतर तेच. मऊपणासाठी साखरेऐवजी आता तिनं नारळाची नुसती साय घेतली, त्यात भाजलेल्या शेंगदाण्याचं लोण्यासारखं वाटण. गोठत असताना दर अर्ध्या तासानं बाहेर काढून काट्यानं खरवडायचं, म्हणजे बर्फाचे कण मोठे होत नाहीत. साचे तिनं उचलून ठेवले. मिश्रण ताटात पातळ ओतून तीस-तीस ग्रॅमच्या वड्या पाडल्या, कारण पातळ तुकडा दाताला लवकर शरण येतो. पहिला घाणा फसला. दुसऱ्याला शेंगदाण्याचा वास फार आला. तिसऱ्यात स्टेव्हिया सहा थेंबांवर आणला, तिचा कडूपणा झाकायला फक्त दोन खजूर घातले, आणि बारा वड्या झाल्या.

यावेळी पोल काढलाच नाही. नमुना आधी आम्लात उकळला, म्हणजे जी काही साखर असेल ती सगळी फुटून एकाच जातीची होईल आणि कोणतीही लपणार नाही. मग फेलिंगचं निळं द्रावण उकळत ठेवलं आणि वरून थेंब थेंब सोडत राहिली. निळं गेलं, खाली विटकरी गाळ बसला. तिनं आकडा वाचला आणि लिहिला. मग फ्लास्क धुवून पुन्हा केलं, आणि पुन्हा. तिन्ही आकडे एकमेकांना धरून होते. सरासरी काढून तिनं चिठ्ठी लिहिली : "वडी ३० ग्रॅम. एकूण साखर एका वडीत १.६ ग्रॅम, तीनदा तपासली. दूध नाही. शेंगदाणा आहे. खाण्याआधी पाच मिनिटं बाहेर ठेवा." खाली सही करायची सवय होती म्हणून सही केली, मग ती फाडून चिठ्ठी पुन्हा लिहिली, बिनसहीची.

गुरुवारी सकाळी थर्माकोलच्या खोक्यात तीन किलो बर्फ आणि एक किलो जाडं मीठ कालवून मध्ये तिनं वड्यांचा डबा बसवला. जालन्याच्या जीपवर मिथुन नावाचा ड्रायव्हर होता, तो पाकिटं पोचवायचा.

"काय हाय मॅडम, औषध?"

"गारीगार."

"जालन्याला गारीगार मिळत न्हाई का?" तो हसला. पण खोकं त्यानं स्वतःच्या सीटखाली सावलीत ठेवलं. साडेअकराला त्याचा फोन आला, पोचवलं, बाईंनी घेतलं. म्हणजे प्रभावतीबाईंनी.

त्या संध्याकाळी काही कळलं नाही. शुक्रवारीही नाही. डबा फ्रीजरमध्ये गेला का मोरीत, हे विचारायला तिनं तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. शनिवारी साडेसात वाजता यशश्रीचा नेहमीचा फोन आला. ती शाळेविषयी बोलली, गॅदरिंगच्या नाचाविषयी बोलली, वड्यांविषयी काही बोलली नाही. तिला त्या दाखवल्याच नसतील, असं शैलाच्या मनात आलं. मग तिनं विचारलं नाही. फोन ठेवल्यावर तिनं एकटीसाठी दीड भाकरी केली आणि अर्धी उरली.

रविवारी दुपारी ती मागच्या दारी बसून तांदूळ निवडत होती. कॉलनीत कुणी नव्हतं. साडेतीनला गारीगारवाल्याचा भोंगा लांबून वाजला आणि गिऱ्हाईक न मिळाल्यानं वजनकाट्याकडूनच परत फिरला. तांदूळ झाले, डाळ झाली. सहा वाजून वीस मिनिटांनी फोनवर गजाननचा मेसेज आला. आधी वहीच्या पानाचा फोटो होता, रकाने आखलेला, अक्षर प्रभावतीबाईंचं. खाली त्यानं तेच पुन्हा टाइप केलं होतं :

"४.१० ला १३४. वड्या दोन, कार्ब ३.२, सुई नाही. ६.१० ला १५२."